बाळाचं ढुंगण आणि माझी अक्कल

“आई, दिवसभरात डायपर किती वेळा बदलता?” माझ्या सुनेनं, स्नेहलनं, कामावरून आल्यापासून तिसऱ्यांदा विचारलं. दिवसभर नात माझ्याकडे असते. पोरीचं ढुंगण लालभडक, नुसता हात लागला तरी किंचाळत होती.

“दोष त्या डायपरचाच!” मी ठणकावलं. “अख्ख्या लालबागची पोरं न्हाऊ घातलीत मी! मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकले!”

“मग मी उद्यापासून पाळणाघर बघते.”

म्हणजे नात माझ्या हातची जाणार. पण तोंड थांबेल तर ना! तीस वर्षं पोरं न्हाऊ घातली की पोटात इतके किस्से साठतात, की भांडतानाही तेच बाहेर पडतात.

*

पहिला हिच्याच नवऱ्याचा. ऐन गिरणी संपात जन्मला. घरात मिलचा कोरा मांजरपाट पडलेला. आमचे हे म्हणाले, “आपल्या खात्याचं कापड! पोराला कोरंच नेसव!” मी खळ न धुताच लंगोट शिवले.

दोन दिवसांत मांड्यांवर लाल चट्टे. मी मीठ-मिरच्या ओवाळल्या, नजर लावलीस म्हणून शेजारणीशी भांडले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लंगोट चिमटीत धरला. “बाई, हे कापड आहे की पत्रा?”

गिरणी कामगाराची बायको मी, आणि खळ विसरले! शेजारीण वर्षभर बोलली नाही.

*

संप लांबला, तशी मी घरोघर पोरं न्हाऊ घालायला लागले. वरळीच्या कोळीवाड्यात एका पोराच्या जांघेत लाली, कडेनं बारीक पुरळ. मी निकाल दिला, “आईनं मासळी बंद करायची!”

कोळीण कडाडली, “मावशे, मासली बंद? मंग तूच पाज त्याला!”

डॉक्टरांनी पाहिलं तर घड्यांमध्ये ओलीनं बुरशी धरलेली. ओल्या अंगावर रोज पावडर कोण थापत होतं? मीच! बोंबील निर्दोष सुटले.

*

परळच्या एका घरात पोराला जुलाब लागले होते. दर वेळी मी साबण लावून खसाखसा पुसायची. स्वच्छता म्हणजे स्वच्छता! तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटली. त्याचे आजोबा पेपरातून मान न काढता म्हणाले, “मावशी, पोर घासताय की तवा?”

तेव्हापासून नुसतं कोमट पाणी, मऊ फडक्यानं टिपायचं, आणि थोडा वेळ उघडं ठेवायचं.

*

हे सगळं मी सुनेला तावातावानं ऐकवलं. तिसरा किस्सा संपता संपता लक्षात आलं, प्रत्येक गोष्टीत आरोपी मीच!

स्नेहलनं पोरीचा डायपर सोडून माझ्यापुढे धरला. जड, ओलागच्च. कोपऱ्यावर निळ्या पेनाची बारीक फुली.

“ही मी सकाळी जाताना केली होती, आई.”

नात मुसमुसत होती. मी तिला कोमट पाण्यानं धुतलं, टिपलं, थोडा वेळ वारा लागू दिला. मग नवा डायपर हातात घेतला. पुढची बाजू कुठली, मागची कुठली, तेच कळेना. स्नेहल बघत उभी.

“ह्या चिकटपट्ट्या मला लावता येत नाहीत गं,” मी म्हटलं. “शिकव.”