नखावरचा चांद

“घास,” बाई म्हणाली. मले नाई, माझ्या मायले.

मालगुजाराच्या अंगणात आम्ही रोवण्याच्या बाया उभ्या होतो. धानाच्या बांधीत उतरायच्या आधी रोज सकाळी तिथी जाऊन उभं राहावं लागे. सरकारनं मालगुजारी काढली, असं लोक म्हणत. काढली असंल. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात मालगुजार तोच होता, त्याची मोठी बाई ओट्यावर तशीच बसे, आणि आम्ही महाराच्या बाया त्याच कोपऱ्यात उभ्या. त्या दिवशी ओट्यावरूनच तिनं माझी बोटं पाह्यली.

“हात वर कर.”

केला. नखं लाल, अन् हरेक नखाच्या मुळाशी पांढरा चांद. मी तेव्हा पोट्टीच होती, नुकती मायसोबत रोवण्याले जाऊ लागली होती.

“अगं माय! कोणाच्या लग्नाले चालली?” बाई म्हणाली. बाया हसल्या. हसावंच लागे.

माय पुढं झाली. “चिखल्यासाठी लावली जी बाई.”

“मेंदी चिखल्यासाठी लावतात, ते मलेही समजते. हा चांद कोणत्या चिखल्यासाठी?”

मंग बाईनं छपरावरून अंगणात पडलेल्या फुटक्या कवेलाच्या तुकड्याकडं बोट केलं अन् म्हणाली, घास.

दिवसभर चिखलात हात-पाय राह्यले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, सडते, रात्री आग आग होते. म्हणून रोवण्याच्या बाया मेंदी वाटून थापतात. त्याले बाईची ना नव्हती. उलट आपल्या कुंपणाची मेंदी ती खुशाल तोडू दे. आमचे हात सडले असते तर तिचा रोवणा कोणी केला असता?

चांद काढायचं मले सोमीनं शिकवलं होतं. सोमी गोंडाची, माझी मैतरीण. काही कठीण नाई त्यात. मोहळाचं मेण बोटात मऊ करायचं, त्याची बारीक वात नखाच्या मुळाशी वाकडी दाबून बसवायची. वरून वाटलेली मेंदी, थोडा कात टाकून. मंग पळसाचं पान गुंडाळायचं अन् दोऱ्यानं बांधायचं. झड लागली होती, काम बंद होतं, तर दिवसभर आम्ही दोघी तशाच बसून होतो. नाक खाजवता येईना, हसून हसून बेजार. संध्याकाळी पानं सोडली, मेण उचकटलं. चांद निघाला! मी घरभर नाचली. इतकं चांगलं माझ्या अंगावर आधी काहीच नव्हतं.

अन् तेच माय घासत होती.

मेंदी नखातून निघत नसते, ती नखासोबत वाढूनच जाते. बाईले ते ठाऊक नसंल? स्वतःही लावत होती की ती. माय म्हणाली, “नाई निघत जी.” बाई म्हणाली, “घासत राह्य.” नखं खरबडली, कडेची कातडी निघाली, रक्त आलं. मायचा हात थांबत नव्हता. मंग बाई चहा प्यायले आत गेली, अन् आम्ही बांधीत गेलो. त्याच बोटांनी मी दिवसभर धानाचे पऱ्हे रोवले. पाण्यात बोट घातलं की डोळ्यात पाणी येई.

घरी आल्यावर माय माझ्यावरच भडकली. “कायले पायजे होता शौक तुले?”

“तू काऊन खोटं बोलली? मले कुठी चिखल्या झाल्या होत्या?”

तिनं थापड मारली. मारू दे. मले बोटांपेक्षा ते खोटं झोंबत होतं. बरं दिसायचं तरी आम्ही आधी रोग सांगायचा? वर्षभर ते डोक्यातून गेलं नाई. पाणी भरताना तेच, लाकडं फोडताना तेच. एका जागी बसवत नव्हतं मले. मायशीही धड बोलवत नव्हतं.

पुढच्या रोवण्याले मी पुन्हा मेण घेतलं. माय हात धरू लागली. “नको वो पोरी, हाकलून देईल ती.”

लावली.

अंगणात बाईनं पाह्यलं. या खेपेले ती चिडली नाई, तेच वाईट. बारीक हसून म्हणाली, “काऊन, चिखल्या झाल्या काय?”

“हो जी,” माय लगेच म्हणाली.

“नाई,” मी म्हटलं. पाय पळून जायले पाहत होते. “चिखल्या नाई झाल्या. मले चांगली दिसते म्हणून लावली.”

“काय म्हणाली?”

“चांगली दिसते म्हणून लावली.”

या खेपेले कोणी हसलं नाई. बाई मायले म्हणाली, “हिले घेऊन जा. दोघीही पुन्हा इथी दिसू नका.” आम्ही निघालो. मागं एकही बाई आली नाई. सगळ्यांच्या घरी चुली होत्या.

माय वाटभर रडली, मले शिव्या देत. ब्रह्मपुरीच्या वाटेवर, लांबच्या एका गावात काम मिळालं. जाताना पाय दुखत, येताना पाय दुखत. तिथल्या मालकिणीनंही माझ्या हाताकडं पाहून विचारलं, “हे काय वो?” माय काही बोलायच्या आत मी म्हटलं, “शौक आहे.” ती तोंड वाकडं करून गेली. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाई.

नाई बोलली तर नाई. दुखणं सांगून मी कोणाकडून काही घेणार नाई. मले पायजे, एवढंच सांगीन. कामावरून काढायचं त्यानं काढावं.