केझाया मावशीची अकरावी गोष्ट

चढ संपला तिथे दगडी बांधाच्या आडोशाला केझाया ऑर्मरॉड टेकली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, अर्धी वाट झाली. काढा आता भाकरी."

हेस्टरने पिशवी सोडली. ओटची भाकरी, चीजचा तुकडा, डब्यात गार चहा. मागे दरीत क्रॅगफोर्डची धुराडी दिसत होती. रविवार म्हणून धूर नव्हता. पुढे माळ ओलांडून आणखी तीन मैलांवर प्राध्यापक विंटरबर्न साहेबांचं घर होतं. माळावरची जांभळी फुलं वाळून तपकिरी झाली होती आणि वारा असा, की बोललेलं अर्धं तोच घेऊन जाई.

रविवारची प्रार्थना चुकवून हेस्टर आयुष्यात पहिल्यांदाच कुठे निघाली होती. ती चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या प्रार्थनाघराच्या, शाळेत मुलांना शिकवायची. अक्षर मोत्यासारखं, म्हणून साहेबांच्या समितीने कालच्या बैठकीचं टिपण घ्यायला तिलाच बसवलं होतं. ते टिपण आता तिच्या काखेत होतं. शेवटी लिहिलं होतं, "आम्हां हजर असलेल्यांना कोणतीही लबाडी आढळली नाही." खाली सात सह्या. आठवी केझायाची, म्हणजे फुली, कारण तिला लिहिता येत नव्हतं. काल सगळे सह्या करत असताना ती नुसती म्हणाली, "उद्या साहेबांकडे येऊन करते." अठ्ठावन्न वर्षांची बाई एका फुलीसाठी सहा मैल चालायला तयार होते, हे काही हेस्टरच्या डोक्यातून जात नव्हतं.

"मावशी," तिने शेवटी विचारलं, "काल हात दुखत होता का?"

केझायाने तिच्या तोंडाकडे बघितलं. ती नेहमीच बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. आठव्या वर्षापासून ती गिरणीत होती, आणि चारशे माग एका छपराखाली धडधडत असले की कान फार दिवस साथ देत नाहीत. पुढचे दोन दातही तिथेच गेले. धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत ओढून घ्यायचं, दिवसातून दोनतीनशे वेळा. नवरा गेला, मुलगा गेला, माग मात्र अजून चालूच होते, चार.

"हात नाही दुखला," ती म्हणाली. "डोळे दुखले. जे बघायला नको ते बघितलं."

आता झिलाबद्दल सांगायला हवं. झिला क्रॅब्ट्री केझायाच्याच गिरणीत, तिच्यासमोरच्या ओळीत विणायची. तीन वर्षांपूर्वी छातीने दगा दिला आणि ती घरी बसली. त्यानंतर तिच्या तोंडून मेलेली माणसं बोलू लागली. गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरात दिवा विझवून बायका टेबलाभोवती बसत. कुणाचा नवरा येई, कुणाचं पाळण्यातलं मूल. झिला पैसे घेत नसे, पण दाराशी कोणी पीठ ठेवी, कोणी कोळसा, आणि त्यावर तिचं आणि अँब्रोजचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, भागत होतं.

केझायाचा मुलगा एनॉक अकरा वर्षांचा होऊन गेला होता, चार हिवाळ्यांपूर्वी. झिलाच्या तोंडून तो म्हणाला होता, "आई, आता खोकला नाही गं." त्या रात्री केझाया एनॉक गेल्यापासून पहिल्यांदा पुरती झोपली.

आणि विंटरबर्न साहेब. ते भुतांना मानत नव्हते आणि हसतही नव्हते. म्हणायचे, "तारेतून निरोप जातो हे आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यांच्या इस्पितळात घातलं असतं. तेव्हा आधी मोजू, मग बोलू." त्यांनी समिती नेमली. तिचा कौल झिलाच्या बाजूने छापून आला तर झिलाला मँचेस्टरला मानाने बोलावणं होतं. औषध, ऊन खोली, सगळं.

काल दुपारी क्रॅगफोर्डमध्येच पडदे ओढून बैठक झाली. सकाळपासून झिलाला एका बाईच्या पहाऱ्यात वेगळ्या खोलीत ठेवलेलं, नवऱ्याशी चकार शब्द नाही. बैठकीत तिच्या दोन्ही मुठींत पितळी दांडे दिले, त्यांतून बारीक वीज सोडली. हात जरा ढिला झाला की यंत्राचा काटा उडणार. पाहुण्यांत तिघं मँचेस्टरची, झिलाने कधी न पाहिलेली, बायकांच्या तोंडावर काळी जाळी. अँब्रोजवर साहेबांचा जास्त संशय, म्हणून त्याला समोर बसवून लाल काचेचा दिवा थेट त्याच्यावर धरला होता. हात मांडीवर, पाय खुर्चीच्या दांडीला बांधलेले.

काटा हलला नाही. झिलाने डोळे अर्धे मिटून एकामागून एक दहा गोष्टी सांगितल्या. जाळीवाल्या बाईच्या भावाचं नाव पर्सिव्हल, घोड्यावरून पडून गेला. जाड्या गृहस्थांच्या बायकोला शिंपल्यांची पेटी आवडायची. सगळ्या खऱ्या निघाल्या. साहेबांचा चेहरा पांढरा पडलेला हेस्टरने स्वतः पाहिला.

"तो दिवा," केझाया म्हणाली. "त्यांनी त्याचे हात बघायला लावला. तोंड कोण बघतो?"

"अँब्रोजचं? तो प्रार्थना करत होता. मी टिपणात लिहिलंय तसं. 'श्री. क्रॅब्ट्री बैठकभर मनातल्या मनात प्रार्थना करीत होते.'"

केझाया इतकी हसली की भाकरीचा घास ठसकला. "प्रार्थना? 'पर्सिव्हल, भाऊ, घोड्यावरून', ही कुठल्या पुस्तकातली प्रार्थना गं? तुमच्या चॅपलात नवीन आलीय का?"

मग हेस्टरला गिरणीतली बोली आठवली.

गिरणीत आवाज ऐकू येत नाही, म्हणून बायका-पुरुष ओठांनी बोलतात. आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून. दोन मागांपलीकडचं भांडण, कुणाचं लग्न ठरलं, मुकादम येतोय, सगळं असंच. क्रॅगफोर्डच्या अर्ध्या गावाला ही ओठबोली येते, आणि येते हेही त्यांच्या ध्यानात नसतं. पण काल बसलेल्यांत तीन पाहुणे, साहेब, डॉक्टर, वाणी आणि मास्तरीण. मागावरची एकटी केझाया.

"पण त्याला तरी कुठून कळलं?"

"पाहुण्यांना स्टेशनावरून आणायला कोण गेला होता? हाच. त्यांच्याबरोबरच्या नोकराला बिअर पाजली असणार. नोकराला काय माहीत नसतं?"

"आणि तुम्ही गप्प बसलात," हेस्टर म्हणाली. बोलल्यावर तिला वाटलं, आपण जरा कडू बोललो.

"बसले." केझायाने हातातला भाकरीचा तुकडा बांधावर ठेवला. "तिसऱ्या गोष्टीलाच उठणार होते. पण माझी पाळी शेवटी होती, पोरी. मला एनॉक हवा होता. खोटा तर खोटा."

हेस्टरला लहानपणापासून शिकवलं होतं, मेलेल्यांना हाका मारू नयेत, ते देवाच्या हाती असतात, तिथे आपण हात घालू नये. हे ती आता म्हणणार होती. पण म्हातारीचा चेहरा पाहून तिने चहाचा डबा पुढे केला.

"मग सगळं सोपं आहे," ती म्हणाली. "दहाच्या दहा गोष्टी अँब्रोजने पुरवल्या. तसं लिहू."

"अकरा होत्या."

"हो, तुमची धरून."

"तुझा तो कागद काढ. माझ्या वेळी काय लिहिलंयस वाच."

हेस्टरने पाकीट उघडलं, वाऱ्यात कागद दोन्ही हातांनी धरला आणि केझायाला ओठ दिसतील असं वाचलं. "'अकरावी गोष्ट. श्रीमती ऑर्मरॉड यांच्यासाठी. मुलगा म्हणतो, मोजा उलटा होता तरी ऊब तीच होती. या वेळी श्री. क्रॅब्ट्री यांना खोकल्याची उबळ आली, तोंडावर रुमाल. काटा स्थिर.'"

"रुमाल," केझाया म्हणाली. "पार डोळ्यांपर्यंत. आधीपासून होता, नंतरही होता. मी त्याच्या तोंडावरची नजर काढली नव्हती, मला तर त्याने काय सांगितलं तेच बघायचं होतं."

"मोज्याचं काय?"

"एनॉकला मी कपडे घातले, पेटीत ठेवायच्या आधी. दुसरं कोणी नव्हतं खोलीत. झाकण लागल्यावर आठवलं, डावा मोजा उलटा घातलाय. शिवण बाहेर." तिने बांधावरची भाकरी परत उचलली. "चार वर्षं टोचतेय ती शिवण. कुणाला सांगितलं नाही."

हेस्टरने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. पण तिच्यातली मास्तरीणही जागी होती. "नक्की कुणाला नाही? आठवा बरं."

केझायाने तिच्याकडे जरा आदराने बघितलं. "साहेबांपेक्षा तू बरी. काल सगळी उठाउठ चालली होती ना, साहेब यंत्र आवरत होते, तेव्हा मी झिलाला ओठांनी म्हणाले, 'मी सगळं बघितलं.' ती घाबरली. तुझ्या डोळ्यांदेखत, मधून डॉक्टर जातायत-येतायत, आम्ही बोलत होतो. ती म्हणाली, 'बाकीचं त्याने दिलं. तुझं नाही.' मी म्हटलं, 'मग कुणी?' ती म्हणाली, 'मला माहीत नाही. ते नुसतं आलं.'"

"खोटं बोलत असेल."

"असेल. ओठांनी खोटं बोलता येत नाही असं थोडंच आहे. घरी येऊन मी रात्रभर तेच घोकलं, कुणाला सांगितलं, कुणाला सांगितलं. आणि सकाळी आठवलं." केझाया उठली, शाल घट्ट केली आणि चालू लागली. पुढचं ती मागे वळून, थांबून थांबून बोलली. "मी मागावर असताना एकटीच बोलते. सगळ्याच बोलतात. आवाज नसतो, ओठ हलतात. एनॉक गेला त्या वर्षी मी त्याच्याशी बोलायचे, दिवसभर. मोज्याची माफीसुद्धा मागितली असेल. आणि झिला समोरच्या ओळीत."

हेस्टर वाटेतच थांबली. "म्हणजे तुम्हीच तिला सांगितलंत."

"किंवा नाही सांगितलं. आठवत नाही ना. आपल्याच तोंडावर कोण नजर ठेवतं?"

दोघी मैलभर पुढे आल्या. मग केझायाने हाताने थांब म्हणून खूण केली आणि बांधावर कागद पसरायला सांगितला. तिने एकेक गोष्ट सांगितली, हेस्टरने पेन्सिलीने लिहिली: अँब्रोजचे ओठ केव्हा हलले, काय म्हणाले, झिला लगेच काय म्हणाली. दहा गोष्टी, क्रमाने. सांगताना केझायाचा आवाज एकसुरी होता, चूक झालेल्या कापडाचा तागा दाखवावा तसा.

"झिलाचं काय होईल?" हेस्टरने विचारलं.

"शिव्या देईल मला. अँब्रोज दारात उभं करणार नाही. पण गुरुवारी मी जाईन. टेबलाशी नाही, चुलीशी. तिला पेज कोण करून घालणार, तो नवरा?"

"बायका म्हणतील, केझायाने आमची माणसं मारली."

"म्हणतील. माझंही गेलंच ना त्यात. 'आई, आता खोकला नाही', तेही गेलं. ते तर कुठल्याही आईला सांगता येतं." हे ती वाऱ्याकडे तोंड करून बोलली.

दहावी गोष्ट संपली तशी हेस्टरने पेन्सिल खिशात टाकली आणि कागदाची घडी घातली.

"अजून एक," केझाया म्हणाली.

"मावशी, ती राहू दे. नीट ऐका. दहा गोष्टी पक्क्या आहेत. त्याखाली ही लिहिली, की साहेब म्हणतील, म्हातारीला पोराचं वेड लागलंय. मग ते दहाही मानणार नाहीत. आणि झिलाचे लोक ही एकच उचलतील, म्हणतील, बघा, केझायासुद्धा मान्य करते. दोन्हीकडून तुमची माती होईल."

हे सगळं खरंच होतं. पण हेस्टरच्या मनात आणखीही एक गोष्ट होती आणि ती तिलाही ठाऊक होती. दहा गोष्टींनी तिच्या चॅपलची शिकवण बरोबर ठरत होती. अकरावीने तिला रात्री अंथरुणात विचार करावा लागणार होता.

केझायाने शाल सावरली. ती पुढे चालू लागली. उरलेल्या वाटेत ती हवेबद्दल बोलली, मेंढ्यांबद्दल बोलली, एनॉकला मेंढ्या मोजायची हौस होती आणि तो हमखास एक जास्त मोजायचा, असंही म्हणाली. "मी म्हणायचे, अरे, एकोणीस आहेत. तो म्हणायचा, आई, एक बांधामागे आहे." मग पुन्हा हवेबद्दल.

साहेबांच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा बारा वाजायला आले होते. कुत्री भुंकत धावली. साहेब स्वतःच बाहेर आले, शाईने बोटं माखलेली. डोळे तांबारलेले, जसे काल झोपलेच नसावेत. "आलात का," ते म्हणाले. "सही राहिलेली बाई हीच ना? या, या. तुम्हाला काही दिसलं का, बाई? मला खरंच जाणून घ्यायचंय." आणि कुत्र्यांना आवरायला ते वळले.

हेस्टरने घडी उलगडली. दहा ओळी आणि खाली रिकामी जागा. तिने पेन्सिल काढून केझायाच्या हाती दिली, फुलीसाठी. केझायाने ती घेतली नाही, परत हेस्टरच्याच बोटांत खोचली.

कुत्र्यांच्या भुंकण्यात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हातारी हेस्टरच्या समोर येऊन उभी राहिली. चेहरा उजेडात धरला आणि लहान मुलाला मुळाक्षरं शिकवावीत तसे एकेक करून ओठ हलवले, आवाज न काढता. हेस्टरला पहिल्या वेळी कळलं नाही. केझायाने पुन्हा सांगितलं, तितक्याच सावकाश, आणि या वेळी तिला ते शब्दन्‌शब्द वाचता आलं:

"अकरावीही लिही. रुमालाचं लिही, आणि मी मागावर बोलते तेही लिही. फक्त मला काय वाटतं ते लिहू नकोस."