तासभर एंगेज

टेलिफोनची वायर मी भिंतीवरच्या डबीतून उपटली आणि तात्या खुर्चीतून अर्धे उठले.

“अरे, अरे! काय करूलालास गा?”

“काही नाही, तात्या. फोनची वायर काढून मोडेमला लावतोय.”

“मग फोन?”

“थोडा वेळ बंद राहील. अर्ध्या तासात काय होतंय?”

हे वाक्य मीच म्हटलं. पुढं जे घडलं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता आला असता तर मला फार आवडलं असतं. पण त्या खोलीत एवढा शहाणा मी एकटाच होतो.

साल नव्व्याण्णव. जागा रामनगर, बेळगाव-गोवा रस्त्यावरचं ट्रकचं गाव. मी बेळगावच्या एका कंप्युटर कंपनीत सिस्टिम्स एक्झिक्युटिव्ह होतो, म्हणजे सेल्समन. खानापूरचा पोरगा, आडनाव घाडी, गळ्यात टाय, हातात ब्रोशर. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलेलं आणि माझ्या नावावर जमा होता एक प्रिंटर, तोही माझ्या मामानं दया येऊन घेतलेला. आमचे मॅनेजर हेगडेसाहेब सकाळी म्हणाले होते, “घाडी, आज रामनगरची ऑर्डर आण. नाहीतर उद्यापासून गावाकडं म्हशी बघ.”

समोर दोघं भाऊ. थोरले भरमाण्णा, सत्तरीचे; अख्खा रस्ता त्यांना नुसतं अण्णा म्हणायचा. धाकटे तात्या, ज्यांच्या ताब्यात फोन आणि फोनची वही. दोघांचे मिळून नऊ ट्रक. बेळगावच्या मार्केटातून भाजी भरायची, अनमोडचा घाट उतरायचा आणि गोव्यात पोचवायची, हा धंदा. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे समुद्रकाठचं एक हॉटेल. नऊपैकी चार ट्रक त्या एका हॉटेलच्या जिवावर चालायचे. तिथं नवा परचेस मॅनेजर आला आणि त्यानं पत्र धाडलं : यापुढं ऑर्डरी ई-मेलनं येतील, आणि माल न कळवता एकदा जरी उशिरा आला तर कंत्राट बंद. ते पत्र टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवलेलं होतं. त्या पत्रामुळंच मला खुर्ची मिळाली होती, नाहीतर टायवाल्याला तिथं कोण विचारतंय?

अण्णांचं मूळ गाव सुप्याच्या धरणात गेलेलं. त्यांनी सुरुवातच तिथनं केली. “तवा बी तुमच्यासारखाच एक पॅन्टवाला आला हुता. कागद पसरून म्हणाला, पाणी हितवर येणार. आमी पोट धरून हसलो. आलं की वो पाणी, बरोबर तितवर! तवापासनं पॅन्टवाल्याला मी हसत न्हाई. बोला तुमी.”

मी बोललो. जगभरातले कंप्युटर टेलिफोनच्या तारांनी एकमेकांना जोडलेले असतात, त्याला इंटरनेट म्हणायचं. त्यातनं जी चिठ्ठी जाते ती ई-मेल. इथं बटण दाबलं की तिथं हजर.

“मधे कोण घेऊन जातो?” अण्णांनी विचारलं.

“कुणीच नाही. आपोआप जाते.”

“कुणीच न्हाई, मग हरवली तर धरायचं कुणाला?”

“हरवत नाही, अण्णा.”

“पोचली ह्ये कसं कळायचं? आमच्यात माल उतरून घेणारानं सही केली की तिला पोच म्हणत्यात. पोच हातात आल्याबिगर गाडी पोचली असं मी म्हणत न्हाई.”

“समोरच्यानं वाचून उत्तर दिलं की कळतं.”

“आनि त्यानं वाचलीच न्हाई तर?”

याचं उत्तर ब्रोशरमध्ये नव्हतं. उत्तर येत नसेल तर डेमो सुरू करावा, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मी म्हणालो, “आपण प्रत्यक्षच बघू या की!” डेमोचा कंप्युटर मी बेळगावहून सोबत आणलेला होताच.

“हुडुग चलो अदान, बायी भाळ,” तात्या कानडीत पुटपुटले. पोरगा बरा आहे, तोंड फार आहे. मला कानडी येतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच पुटपुटले.

तेव्हा मी वायर उपटली. घड्याळात साडेदहा झाले होते.

मोडेम म्हणजे पुस्तकाएवढा एक डबा. कंप्युटरचं म्हणणं तो फोनच्या तारेतून जाईल अशा आवाजात बदलतो. रामनगरहून इंटरनेट लावायचं तर या डब्यानं आधी बेळगावला एसटीडी फोन लावायचा, आणि जेवढा वेळ इंटरनेट चालू तेवढा वेळ फोन अडकलेला. बाहेरून कुणी लावला तर एंगेज. हे मला माहीत होतं. याचा अर्थ काय होतो, हे माहीत नव्हतं.

डबा किंचाळायला लागला. तात्यांनी कान झाकले. “फॅनबेल्ट सुटलाय! बंद कर!”

“असंच वाजतं, तात्या.”

लाईन तुटली. परत लावली. परत तुटली. पाचव्या वेळी मी देवाचं नाव घेतलं आणि सहाव्या वेळी लागली. यात अर्धा तास गेला. आता खरं तर आमच्या ऑफिसला एक मेल टाकून, उत्तर दाखवून, वायर जागेवर लावायला हवी होती. पण मला मोठेपणा सुचला. वाटलं, या ट्रकवाल्यांना ट्रकच दाखवू या. मी एका अमेरिकन ट्रक कंपनीचं पान उघडलं.

त्या काळी स्क्रीनवर चित्र एकदम येत नसे. वरून खाली, बोटभर पट्टी, मग थांबायचं, मग अजून बोटभर.

“टप आला,” तात्या म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढून बसले.

दोन-तीन मिनिटांनी काच आली. मग आणखी खाली नाक.

“मर्दा, नाकवाली गाडी हाय! आपल्या जुन्या गाड्यास्नी बी असंच नाक हुतं न्हवं?” अण्णा तात्यांना म्हणाले.

“चाकं किती असतील?” मी विचारलं.

“धा,” तात्या म्हणाले.

“ह्या! अठरा तरी असणार,” अण्णा म्हणाले. चहाची पैज लागली. शेजारच्या टायरच्या दुकानातले दोघं हात पुसत आत आले आणि उभे राहिले. मला धन्य धन्य वाटायला लागलं. इतके दिवस दारातनं हाकलून देणारी माणसं माझ्या स्क्रीनपुढं श्वास रोखून चाकांची वाट बघत होती! मी टाय सारखा केला आणि म्हणालो, “बघा अण्णा. आता कुठूनही निरोप क्षणात येणार. चिठ्ठ्याचपाट्यांचे दिवस संपले.”

तेवढ्यात दारात पणजी-बेळगाव बसचा कंडक्टर येऊन उभा राहिला.

“भरमाण्णा कोण? अनमोडहून चिठ्ठी आहे.”

सिगारेटच्या पाकिटाचा फाडलेला पुठ्ठा होता. तात्यांनी मोठ्यानं वाचला. “घाटात पाटा तुटला. गाडी कडेला लावली. माल हॉटेलचा. दुसरी गाडी धाडा. अर्धा तास फोन लावूलालोय, एंगेज येतोय. बसवंत.”

पाटा म्हणजे चाकाच्या वरची स्प्रिंग. ती तुटली की भरलेली गाडी हलत नाही. आणि त्या गाडीतली भाजी दोन वाजेपर्यंत हॉटेलात हवी होती. रात्री तिथं कुणाचं तरी लग्नाचं जेवण होतं.

सगळ्यांनी आधी काचेखालच्या पत्राकडं पाहिलं आणि मग भिंतीवरच्या मोकळ्या डबीकडं. टायरवाले हळूच बाहेर सटकले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

“वायर लावा,” अण्णा एवढंच म्हणाले आणि चपला घालून रस्त्यावर गेले.

गोव्याहून रिकामा ट्रक येत होता. दुसऱ्या मालकाचा, म्हणजे धंद्यातल्या शत्रूचाच. अण्णांनी नुसता हात वर केला आणि तो थांबला. भाजीची गाडी अडली की मालक कोण ते विचारायचं नाही, असा त्या रस्त्याचा रिवाज. ड्रायव्हरनं लगेच गाडी वळवून घेतली.

गाडी मिळाली तरी भाजी चारच्या आत पोचत नव्हती. म्हणजे हॉटेलला कळवायलाच पाहिजे. तात्यांनी फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. बोट दुखेपर्यंत लावला. त्या एंगेजच्या टूंऽ टूंऽनं मला घाम फुटला. शेवटी मी अगदी बारीक आवाजात म्हणालो, “मेल टाकू का?”

तात्या माझ्यावर असे धावले की मी खुर्चीमागं गेलो. “परत फोन अडवनार? तिकडं बसवंतनं परत लावला तर? त्येला कोण सांगनार गाडी निघाली म्हणून?”

अण्णा दारात उभे होते. एकीकडं घाटात एकटा ड्रायव्हर, दुसरीकडं कंत्राट, आणि दोन्हीसाठी फोन एकच. जरा विचार करून ते म्हणाले, “पाच मिनटं. तात्या, घड्याळ धर. पाच झाली की वडून काढ.”

तात्या डाव्या हातात घड्याळ आणि उजव्या हातात वायर धरून उभे राहिले. पहिल्यांदा लाईन तुटली. दीड मिनिट गेलं. दुसऱ्यांदा डबा किंचाळला, खरखरला आणि लागला. पत्रावरचा पत्ता मी एकेक अक्षर बघून टाइप केला. ट्रक बिघडला, भाजी चार वाजता येईल, माफ करा, एवढंच इंग्रजीत लिहिलं आणि बटण दाबलं.

“गेली?”

“गेली.”

“पोचली?”

मी तोंड उघडलं आणि तात्यांनी वायर ओढली. पाच मिनिटं झाली होती.

फोन परत जागेवर आला. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत बसलो. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं : फोनशेजारी तात्यांची वही होती, आणि तिच्यात प्रत्येक फोनची नोंद. कुठल्या नाक्यावरून, कुठल्या ड्रायव्हरचा, काय निरोप. दिवसाला पान भरलेलं. त्या दिवसाच्या पानावर साडेदहापर्यंत नऊ ओळी होत्या आणि पुढं कोरं.

फोन वाजला. परचेस मॅनेजर होता. अण्णा उभं राहूनच बोलले. “हां जी... हां जी... चार बजे पक्का.” त्यांनी फोन ठेवला. हॉटेलच्या परचेसचा फोनही सकाळपासून इंटरनेटवरच अडकलेला होता! तिथला माणूस कंप्युटरपुढंच बसलेला, म्हणून मेल लगेच दिसला. मॅनेजरनं स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवरून सांगितलं, वेळेत कळवलंत म्हणून चालेल.

“पोच आली,” अण्णा म्हणाले.

माझी छाती परत फुगायला लागली होती. अण्णांनी ती तिथंच थांबवली. “चला साहेब. फोन तुमी अडवला, आता भाजीच्या पाट्या बी तुमीच उचला.”

ट्रकमध्ये ड्रायव्हर, अण्णा आणि मधे मी. टाय खिशात. अनमोडच्या पुढं घाटात बिघडलेली गाडी कडेला उभी होती, चाकांपुढं दगड लावलेले. टोमॅटोच्या पाट्या, फ्लॉवरची पोती, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवायचं. दहाव्या पाटीला माझे खांदे गेले. बसवंत पन्नाशीचा, काटकुळा माणूस. तो माझ्या एका पाटीमागं तीन पाट्या चढवत होता. आणि हा सकाळी गाडी लावून तीन किलोमीटर घाट चढून नाक्यावरच्या पीसीओला गेला होता, तिथं अर्धा तास फोन फिरवून, बसमध्ये चिठ्ठी देऊन, परत उतरून आला होता.

पाणी पिताना तो म्हणाला, “अण्णा, एवढा येळ फोनवर कोण हुतं? मला वाटलं, घरात कायतरी झालं. कोनतरी गेलं आनि समद्यांचे फोन येऊलालेत. अक्काची तब्येत बरी हाय न्हवं?”

अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. आता शिव्या पडणार, आणि पडाव्यातच, असं मला मनापासून वाटत होतं.

“अक्का बरी हाय गा,” अण्णा म्हणाले. “लाईन खराब हुती.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसवंतनं माझा घामेजला शर्ट बघितला, खिशातनं लोंबणारा टाय बघितला आणि विचारलं, “तुमी फोनवालं काय, साहेब?”

मी टाय खिशात आत कोंबला.

“जरा नीट करा की वो. हितं घाटात मानूस एकटा असतोय.”

“करतो,” मी म्हणालो.

भाजी चारला दहा मिनिटं असताना हॉटेलात उतरली. कंत्राट टिकलं. अण्णांनी आठवड्यानं ऑर्डरवर सही केली, पण कंप्युटर कधी द्यायचा त्या रकान्यात मला स्वतःच्या हातानं लिहायला लावलं : दुसरी टेलिफोन लाईन आल्यावर. हेगडेसाहेबांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात वाचला. म्हणाले, असली ऑर्डर उभ्या जन्मात बघितली नाही. माझं प्रोबेशन त्यांनी तीन महिने वाढवलं. मी दुसऱ्या लाईनचा अर्ज घेऊन इतक्या खेपा घातल्या की फोन ऑफिसातले लोक मला अण्णांचा जावई समजायला लागले. लाईन आली तेव्हा कंपनीनं ते मॉडेल विकायचं बंद केलं होतं. अण्णांनी नवं घेतलं. जुन्या फोनला मात्र तात्यांनी मला कधीच हात लावू दिला नाही.

धडा एवढाच : नवी वस्तू लावायला जुनी काढावी लागत असेल, तर काढण्याआधी तिच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे ते विचारावं. आता ट्रेनिंग मीच देतो. पहिल्या दिवशी पहिलं हेच सांगतो. नवी पोरं वहीत लिहून घेतात, खाली दोन रेघा मारतात आणि पहिल्याच डेमोला जाऊन कुणाची तरी वायर उपटतात.