तीन बॅचलर मोंबासात

कुवेतमध्ये एकट्यानं राहणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी भरमसाट साठतात. आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि किस्से. डबे सुट्टीवर जाताना फेकून देता येतात. किस्से ऐकायला मात्र घरी कुणाला वेळ नसतो, म्हणून आज तुम्हाला पकडलंय!

आम्ही तिघं सबाह अल-सालेमच्या एका फ्लॅटमध्ये राहतो. जोगळेकरसाहेब नाशिकचे, प्लांटवर इन्स्पेक्शनला. सावंत मालवणचा, सेफ्टी ऑफिसर. मी पुण्याचा, इन्स्ट्रुमेंटवाला. तिघांचीही लग्नं होऊन जमाना झाला. पण कुवेतमध्ये बायको सोबत नसली की तुम्ही बॅचलर! जोगळेकरसाहेब असे सव्वीस वर्षं बॅचलर आहेत.

ईदच्या सुट्टीत मोंबासाला जायची टूम त्यांचीच. सुट्टी संपली की त्यांना कंपनीला उत्तर द्यायचं होतं. आणखी दोन वर्षांचं एक्स्टेन्शन घेणार, की कायमचं घरी जाणार? "हिनं एकदा नुसतं 'या' म्हणू दे, त्याच दिवशी निघतो," असं ते आम्हाला रोज सांगायचे. आणि सुनंदावहिनी रोज फोनवर म्हणायच्या, "तुमचं तुम्ही ठरवा."

* * *

हॉटेलात शिरल्या शिरल्या रजिस्टर पुढ्यात आलं. त्यात 'घरचा पत्ता' असा रकाना.

साहेबांनी सवयीनं ब्लॉक, स्ट्रीट, बिल्डिंग असं सबाह अल-सालेमचं सगळं लिहून काढलं. मग थबकले. ते खोडलं आणि नाशिकचं घर लिहिलं. पिनकोडपाशी पेन अडलं!

"अरे, स्वतःच बांधलंय मी ते घर!" असं पुटपुटत त्यांनी मुलाला मेसेज टाकला. मुलाचं उत्तर आलं, "बाबा, सीरियसली?" खाली पिनकोड.

मी हसलो खरा. माझी पाळी आली तेव्हा मीही गुपचूप फोन काढला.

* * *

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात हिंडत होतो. अरुंद बोळ, नक्षीचे भलेमोठे दरवाजे, वर लाकडी सज्जे, कुठल्या तरी घरातून नारळाच्या रश्श्याचा वास. सावंत त्या वासानं अर्धा मालवणला पोचला होता.

एवढ्यात समोरून पोलीस आला. आम्ही तिघांनीही एका क्षणात खिशातून कुवेतचा सिव्हिल आयडी काढून पुढे धरला! कुवेतमध्ये कचरा टाकायला खाली उतरतानाही तो खिशात लागतो, हात आपोआप जातो.

पोलिसानं तिन्ही कार्डं कौतुकानं पाहिली. "व्हेरी नाइस फोटो," म्हणाला आणि निघून गेला.

* * *

फोर्ट जीझसमध्ये साहेबांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं. पाइप दिसो वा किल्ला, त्यांना राहवत नाही. "प्रवाळाचा दगड आहे. अजून चारशे वर्षं काढेल. ओके!" सर्टिफिकेट देऊन मोकळे!

आमचा गाइड उत्साही होता. आधी पोर्तुगीज आले, मग ओमानी, मग इंग्रज. कोण किती वर्षं राहिलं, कसं गेलं, सगळं त्यानं रंगवून सांगितलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणजे सगळे काँट्रॅक्टवरच होते!"

तिथून मी माझ्या मुलीला किल्ल्याचे अठरा फोटो पाठवले. दोन तासांनी एक अंगठा आला. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

* * *

पलीकडच्या किनाऱ्याला जायला फेरीबोट होती. माणसं, सायकली, कोंबड्या, सगळ्यांची एकच गर्दी. सावंतातला सेफ्टी ऑफिसर जागा झाला.

"मस्टर पॉइंट खंय आसा? काय झाला तर जमूचा खंय? लाइफ जॅकेटा खंय आसत?" असं आम्हाला विचारून त्याचं भागलं नाही. एका बाकावर चढून त्यानं प्लांटवर काम सुरू करण्याआधी देतात तसा अख्खा टूलबॉक्स टॉक इंग्रजीत दिला. इमर्जन्सीत काय करायचं, कुणी कुणाचा हात धरायचा, सगळं. लोक गप्प बसून ऐकत होते. शेवटी टाळ्या पडल्या!

खाली उतरल्यावर त्याचे डोळे भरले होते. "घराकडे माका कोण इतक्या बोलूक देता रे?" म्हणाला.

* * *

मग आला रविवार. कुवेतमध्ये रविवारी कामाचा आठवडा सुरू होतो. पहाटे पावणेपाचला मी आंघोळ, दाढी उरकून हॉटेलच्या गेटपाशी उभा राहिलो. कंपनीची बस यायची होती ना! पाच मिनिटांत सावंत आला. मागोमाग साहेब, बूट पॉलिश करून.

वॉचमननं विचारलं, "टॅक्सी, सर?"

"नो, नो. मॉर्निंग वॉक," साहेब म्हणाले. मग तसेच बूट घालून तिघं चालायला गेलो.

* * *

शेवटच्या दुपारी आम्ही जुन्या बंदरावर बसलो होतो. शिडाची दोन होडकी, मासे उतरवणारे लोक, एवढंच. पूर्वी कुवेतची गलबतं इथे येऊन महिनोन्‌महिने थांबायची, हे साहेब आम्हाला समजावून सांगत होते. रात्री विमान, उद्या ऑफिस. उत्तराचा दिवस.

फोन वाजला. सुनंदावहिनींचा! ठरलेली वेळ संध्याकाळची आणि फोन नेहमी साहेबच करतात, त्यामुळे ते घाबरून उभेच राहिले. स्पीकर चालू झाला.

"काय झालं गं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये? चपलेच्या दुकानात आहे. तुमचा नंबर काय हो?"

"आठ. का?"

"घरात घालायला घेतेय. दरवेळी आलात की पाहुण्यांसाठी ठेवलेल्या घालून फिरता. बरं दिसतं का ते?"

साहेबांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं.

"रंग कुठला घेऊ?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. सावंत समुद्राकडे बघायला लागला. मी कसाबसा म्हणालो, "ब्राउन सांगा."

"ब्राउन! ब्राउन घे!" साहेब इतक्या मोठ्यानं ओरडले की मासेवाले वळून पाहायला लागले.

"ओरडता कशाला?" वहिनी म्हणाल्या. "ऐकू येतंय मला."