दुखणं थांबलं तेव्हा

गोव्यातल्या डिचोलीच्या बसस्टँडवर एक काका रोज सकाळी चहाला यायचे. मूळचे सिंधुदुर्गातले, चिऱ्यांच्या खाणीत यंत्राने दगड कापणारे. ग्लास धरला की त्यांची नजर बोटांवरून हलत नसे, कारण मान वळली की ग्लास निसटायचा. चहा किती गरम आहे, हे ते ग्लास गालाला लावून बघायचे.

यंत्राच्या थरथरीने हातांच्या नसा मरतात आणि मालकाला त्याचं काही नाही. म्हणून आमच्या संघटनेतर्फे आम्ही कामगारांचे भरपाईचे अर्ज भरून घेत होतो. मी विचारलं, "काका, हात दुखतात?"

"नाय."

मी तसंच लिहिलं. ते हसले.

"आधी रडूक येय इतके दुखायचे. मगे दुखूचा थांबला आणि मी खूश झालंय. थंयच चुकलंय, बाय. आता शर्टाचे बटण माझी बायल लावता."

ते 'नाही' मालकाने आनंदाने फडकवलं असतं. मी अर्ज फाडला. आमच्या पत्रकावरही मोठ्या अक्षरांत 'हात दुखतात? पुढे या' असंच छापलं होतं. ज्यांच्या हातांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही, त्यांना आम्हीच वगळत होतो.

नव्या कागदावर मी पहिला प्रश्न बदलला: न बघता ग्लास धरता येतो का?

खाली त्यांनी सही केली, बोटांवरची नजर न काढता.