सुमनमावशींनी चाखलेला क्वास

मंडळी, आज खालापूरच्या आमच्या रिसॉर्टवर माझ्या मेन्यूची चव घेतली गेली. जुने रशियन पदार्थ नव्या पद्धतीने करायला मी मॉस्कोत शिकले. क्वास हे तिथलं आंबवलेल्या पावाचं पेय. मी ते नाचणीचं केलं, गाळून, थंड करून.

मालक खूश झाले. मग भाजी चिरणाऱ्या, कडाव गावच्या सुमनमावशींनी घोट घेतला.

"ताई, ही तर आंबील हाय. पीठ कुठं गेलं?"

"गाळलं."

"मग राहिलं काय? पानीच ना."

मॉस्कोतले शेफ बजावायचे, पदार्थ बदलण्याआधी तो रोज करणाऱ्याच्या घरी जेवून या. तिथे मी गावोगाव जेवले. इथे एकाही घरी गेले नाही.

मेन्यूची छपाई मी दोन दिवसांसाठी थांबवली. मालक चिडलेत. उद्या मावशींकडे जातेय, पण मन स्वस्थ नाही. तुम्ही थांबवली असती?