पूजेतला पाना

तो दसरा मला अजून आठवतो, आणि खरं सांगायचं तर आठवू नये असंच वाटतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते आता एकमेकांत मिसळून गेलेत. हा साधा अपघाताचा गुन्हा मात्र मनातून जात नाही.

मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्राचा बंदोबस्त म्हणजे नऊ दिवस पायात बूट. दसऱ्याला दुपारी खुर्चीत जरा पाठ टेकली, तोच वायरलेसवर खबर आली. गंगापूर रोडला एका स्पोर्ट्स कारचं पुढचं चाक निखळलं आणि रस्त्याकडेला झेंडू विकायला बसलेल्या बाईला लागलं.

बाई सायखेड्याची होती. घरच्या शेतातली फुलं घेऊन पहाटेच आली होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली चेंगरला होता. सरकारी रुग्णालयात जबाब घ्यायला गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती.

"चाक एकलंच आलं साहेब," ती म्हणाली. "गाडी लय मागं व्हती. मला वाटलं पोरांचं काही खेळणं हाय."

दोन दिवसांनी तिचा पाय काढावा लागला.

गाडी लाल रंगाची, दोन माणसं बसतील एवढीच, जमिनीला टेकलेली. मालक अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. चाळिशीचा, शिकलेला, शांत. ही जुनी गाडी त्याने बंद अवस्थेत घेतली होती आणि दोन वर्षं खपून स्वतः चालू केली होती. पहिल्या जबाबात त्याने सरळ सांगितलं, "टायर एका टायरवाल्याने बदलले. त्यानंतर मी चाकांना हात लावलेला नाही."

मी तो जबाब खरा धरला. नीटनेटकं बोलणाऱ्या माणसावर आपण चटकन विश्वास ठेवतो, आणि मी थकलो होतो. टायरवाल्याला आणायला दोन शिपाई पाठवले.

त्याचं दुकान बंद होतं. दसऱ्याचा दिवस म्हणजे त्याच्या समाजाचा धम्मदीक्षेचा दिवस. तो बायकोमुलांसह त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी वंदनेला गेला होता. माझ्या शिपायांनी त्याला तिथून, पांढऱ्या कपड्यांत, सगळ्या वस्तीसमोर जीपमध्ये बसवून आणलं.

"साहेब, टायर मी दोन महिन्यांपूर्वी बदलले," तो म्हणाला. "नट ढिले असते तर गाडी दोन महिने चालली असती का?"

प्रश्न बरोबर होता. मी तो लिहून घेतला आणि तिथेच सोडून दिला. पुढे त्याला रोज सकाळी ठाण्यात बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. अटक नाही, सुटका नाही. ही आमच्या खात्यातली जुनी सवय, कागदावर कुठे दिसत नाही. चौथ्या दिवशी त्याची बायको आली. ज्याच्या जागेत दुकान होतं त्याने जागा खाली करायला सांगितली होती. पोलिसांनी उचललेला माणूस त्याला नको होता.

त्याच दिवशी ठाण्याच्या फोनवर मालकाच्या सोसायटीचा वॉचमन बोलला. सुरगाण्याकडचा म्हातारा माणूस.

"माझं नाव कुठं घेऊ नका साहेब. अष्टमीला संध्याकाळी त्यानं चारी चाकं काढली व्हती. पार्किंगमधी. मीच जॅक सरकवून दिला."

मालकाला पुन्हा बोलावलं. या वेळी त्याला चहा सांगितला नाही. तासभर गेला. मग त्याने मान्य केलं, की ब्रेकचे पॅड त्याने स्वतः बदलले होते.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाटलं असतं, घरी केलंय म्हणजे कच्चं काम. साहेब, गॅरेजवाले नट अंदाजाने आवळतात. मी टॉर्क रेंच वापरतो. नट किती जोराने आवळला ते त्या पान्यावर कळतं. नट ज्यावर बसतो त्या स्टडचे आटे त्या टायरवाल्यानेच आधी खराब केले असणार."

त्याने पिशवीतून वही काढली. असं अक्षर मी आमच्या ठाण्यात कधी पाहिलं नाही. कुठला आवाज कशाचा, काय उघडलं, काय बदललं, सगळं तारीखवार. शेवटच्या पानावर चार चाकं, प्रत्येकापुढे नटाचा आकडा आणि बरोबरची खूण. खाली लिहिलं होतं, नवमी, सकाळी अकरा.

मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आला होता. स्टड मोडले नव्हते, आटेही आधीपासून खराब नव्हते. नट पुरेसे आवळलेले नव्हते, ते चालत्या गाडीत हळूहळू फिरत बाहेर आले. मग वहीतली खूण खोटी, की नट ढिले करणारं दुसरं कोणी होतं? टायरवाला अजून बाकावरच होता.

हत्यारं जप्त करायला पंच घेऊन मालकाच्या घरी गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. हत्यारं कुठे आहेत विचारलं तर तिने देवघराकडे बोट केलं.

"तिथंच आहेत अजून. खंडेनवमीला पूजेत मांडली. दसऱ्याला संध्याकाळी पूजा हलवायची, तर दुपारी हे सगळं झालं. मग कोणाचं लक्ष लागतंय?"

पाटावर लाल कापड. त्यावर पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि मधोमध तो लांब टॉर्क रेंच. दांड्याला नाडा बांधलेला, वर हळदीकुंकवाचं बोट, झेंडू सुकून काळा पडलेला. हळदीला कुठे बोट फिरलेलं नव्हतं. नाड्याला ग्रीसचा डाग नव्हता.

"पूजा किती वाजता मांडली, आई?"

"पहाटे पाचला. आमच्याकडे एकदा पूजेत ठेवलं की हलवेपर्यंत कोणी हात लावत नाही. ह्याच्या वडिलांनी कधी लावला नाही, हासुद्धा लावत नाही." हे सांगताना तिचा चेहरा अभिमानाने भरून आला होता.

मुलगा मागे उभा होता. "आई, पुरे."

"का रे? खोटं सांगू का?"

त्याने भिंतीला पाठ लावली आणि खाली बसला. मग आपणहून बोलायला लागला. अष्टमीला उशीर झाला म्हणून नट साध्या पान्याने लावून ठेवले. शेवटचं आवळणं नवमीला सकाळी करणार होता, पण उठला तेव्हा पाना देवापुढे होता. हाताला नट घट्ट लागत होते. म्हटलं, पूजा हलली की आवळू. दसऱ्याला गाडीला हार घातला, आणि मित्राला दाखवायचा मोह आवरला नाही.

"मग वहीत खूण का केली?"

"यादी अपुरी राहिली की मला चैन पडत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या कोणा अधिकाऱ्याला हे उत्तर खोटं वाटलं असतं. मला वाटलं नाही. त्याच नवमीला आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा होती. रायफली सतरंजीवर, हळदीकुंकू, हार. रोजच्या तपासणीचं रजिस्टर समोर आलं तेव्हा एकही रायफल न उचलता मी 'तपासले' असं लिहून सही केली होती. पूजेतली वस्तू कशाला हलवा, असा विचार केला होता. माझ्या सहीने कोणाचा पाय गेला नाही, एवढाच आमच्या दोघांत फरक.

आईचा जबाब घ्यावा लागला. तिने तो वाचून घेतला, चष्मा पुसला आणि सही केली. आपण काय लिहून दिलं ते तिला सही करताना कळलं असावं, कारण पेन परत देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला आजही जड जातं.

ठाण्यात आल्यावर टायरवाल्याला घरी जायला सांगितलं. मीच त्या जागामालकाकडे जाऊन आलो आणि त्याचं दुकान राहिलं. त्याच्या वस्तीत जाऊन चार लोकांसमोर चूक झाली असं सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. वर्दीतल्या माणसाला तेवढी पायरी उतरता येत नाही, किंवा मला आली नाही.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं, असं विचारतात. थकलेला माणूस खूण आधी करतो आणि काम नंतरवर टाकतो. मालकाने नटांपुढे केली, मी रजिस्टरात केली, आणि एका माणसाचा बरोबर प्रश्न लिहून घेऊन तपास केल्यासारखं दाखवलं, तीही तीच खूण होती.

निवृत्त झाल्यावर एकदा माझ्या स्कूटरची हवा गेली, तेव्हा मुद्दाम त्या टायरवाल्याच्याच दुकानात गेलो. त्याने मला ओळखलं. पंक्चर काढलं, चाक बसवलं, नट आवळला आणि पुन्हा एकदा पाना लावून बघितला. मी म्हटलं, "त्या वेळी चुकलंच माझं."

"होतं साहेब," तो म्हणाला. मग हात पुसत सावकाश म्हणाला, "फक्त पुन्हा कधी कोणाला न्यायचं झालं, तर दुकानावर या म्हणावं तुमच्या लोकांना. लेण्यांवर नको. माझी मुलगी अजून माझ्याबरोबर तिथे येत नाही."